व्हीटी ते कॉजवे: जुन्या तटावरून एक संध्याकाळ

नोकरीसाठी किंवा शिकायला मुंबईत नव्याने आलेली आपली मुलं-मुली गेटवेला एकदा जाऊन येतात, ताजसमोर फोटो काढतात आणि मग फोर्ट-कुलाब्याकडे फारशी फिरकत नाहीत. तो भाग महागडा, साहेबी, आपल्यासाठी नाही, अशी एक समजूत कुठूनतरी डोक्यात बसलेली असते. ती मला मनापासून खटकते. सीएसएमटीपासून, म्हणजे जुन्या नावाने व्हीटीपासून, कुलाबा कॉजवेपर्यंतच्या सरळ रस्त्यावर नाना शंकरशेटांचा चेहरा दगडात कोरलेला आहे, संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडलेलं आहे आणि महाराष्ट्राची विधानसभा पहिली काही वर्षं याच रस्त्यावर भरलेली आहे. तेव्हा बुजायचं काही कारण नाही. खिशात दोनशे रुपये असोत की दोन हजार, इथली संध्याकाळ छान जाते. फक्त कुठून सुरुवात करायची आणि कुठे वळायचं, एवढं माहीत हवं.

निघण्यापूर्वी

व्हीटीपासून रीगल सिनेमापर्यंतचं अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे. पुढे कॉजवेवर रमत गेलात तर आणखी एखादा. हे सगळं पायीच करायचं. रिक्षाची सवय असेल तर ती विसरा, शहराच्या या भागात रिक्षा नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने जाते आणि बेस्टची बस आहेच. भुयारी मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्टेशनं या रस्त्यालाच लागून आहेत. त्यामुळे वाटेत पाय दुखले तरी अडून राहायची वेळ येत नाही.

दिवस कोणता निवडायचा? जेवण हा मुख्य हेतू असेल तर शनिवार किंवा मधला वार बरा. रविवारी फोर्टातली बरीच जुनी हॉटेलं बंद असतात. उलट इमारती निवांत पाहायच्या असतील, फोटो काढायचे असतील, तर रविवार सकाळसारखी वेळ नाही. ऑफिसं बंद, रस्ता मोकळा. पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरुवात करण्याचं. उजेड असताना इमारती होतात, मावळतीला गेटवे आणि अंधार पडला की कॉजवे. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची. पावसाळ्यातही बिनधास्त या, त्याची सोय या रस्त्यानेच करून ठेवली आहे. ती पुढे सांगते.

आणखी एक, नावांचा गोंधळ आधीच निस्तरून घ्या. हा रस्ता व्हीटीपासून दादाभाई नवरोजी रोड म्हणजे डी. एन. रोड असतो. हुतात्मा चौकापुढे तो महात्मा गांधी रोड होतो आणि रीगलनंतर शहीद भगतसिंग रोड. पण शहीद भगतसिंग रोड रीगलपासून दुसऱ्या बाजूने थेट जीपीओपर्यंत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीपर्यंतही जातो. टॅक्सीवाल्याला तेवढंच नाव सांगितलंत तर तो भलतीकडे सोडेल. ‘कुलाबा कॉजवे, लिओपोल्ड कॅफेजवळ’ असं सांगा.

रस्ता वाचायची किल्ली

मुंबईचा कोट, म्हणजे फोर्ट, याला पूर्वी खरोखरचा तट होता. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: बझार गेट, चर्च गेट आणि अपोलो गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तो तट पाडायला घेतला आणि त्याच्या पश्चिम बाजूने मोठा रस्ता निघाला. तो हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डी. एन. रोड. तुम्ही चालता आहात ते जवळजवळ त्या पाडलेल्या तटावरूनच.

हे कळलं की रस्ता आपोआप उलगडतो. व्हीटीकडून निघालात की डाव्या हाताला कोटाच्या आतलं जुनं गाव लागतं: अरुंद गल्ल्या, छापखाने, अग्याऱ्या, इराणी हॉटेलं, लंच होम. उजव्या हाताला तेव्हा मोकळं मैदान होतं, म्हणून तिकडे महापालिका, विद्यापीठ, हायकोर्ट अशा ऐसपैस इमारती उभ्या राहिल्या. भूक लागली तर डावीकडे वळा, पाहायचं असेल तर उजवीकडे. काळा घोड्यापर्यंत ही खूण बऱ्यापैकी उपयोगी पडते.

पहिला टप्पा: व्हीटी

लोकलने आलात तर गर्दीबरोबर वाहत सबवेत उतरू नका. आधी स्टेशनाला बाहेरून वळसा घाला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आराखडा केलेली ही इमारत १८७८ मध्ये सुरू होऊन दहाएक वर्षांनी पुरी झाली. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. घुमटावर प्रगतीचं प्रतीक असलेली स्त्री आहे, फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. एवढं सगळे सांगतात. तुम्ही थोडं जवळ जा.

दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांचे गोल चौकटीतले चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाय आहेत आणि जगन्नाथ शंकरशेटही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, ती रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना पुढे होते. तो चेहरा शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग उपनगरी तिकीट घराच्या दालनात शिरा आणि रांगेत उभं न राहता मान वर करा. खांबांच्या माथ्यावर पानं, वेली, पक्षी, छोटे प्राणी कोरलेले दिसतील. हे काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. शाळा इथून उत्तरेला चालत काही मिनिटांवर आहे. दगडातली पानं नीट पाहिलीत तर ती इथल्याच झाडाझुडपांची वाटतात. हजारो माणसं रोज त्याखालून पास काढून जातात आणि ही नक्षी त्यांच्या डोक्यावर तशीच असते.

याच स्टेशनात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळीबार झाला. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून माइकवर सतत सूचना देत प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं, म्हणून कितीतरी जण वाचले. मेन लाइनच्या दालनात उभं राहाल तेव्हा हे आठवावं असं मला वाटतं.

समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. दोन्ही एका नजरेत घ्यायच्या तर चौकाच्या कोपऱ्यावर उभं राहा. रस्ता मात्र वरून ओलांडायचा प्रयत्न करू नका. वाहनं थांबत नाहीत. सबवे वापरा. आत दोन्ही बाजूंना मोबाइलची कव्हरं, चार्जर, घड्याळं यांची दुकानं आहेत, आणि बाहेर पडायला इतक्या वाटा की गोंधळ होतोच. ‘डी. एन. रोड’ची पाटी पाहून वर या.

निघतानाच पोटाला आधार हवा असेल तर पालिकेच्या बाजूला कॅनन पावभाजीची गाडी आहे, उभ्याने खायची. बसून खायचं असेल तर स्टेशनासमोर बझार गेटकडे जाणाऱ्या पेरीन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाला. टम्म पुऱ्या, बटाट्याची भाजी, हवी असेल तर सोबत दुसरी एखादी भाजी. जागा साधी, टेबलं एकमेकांना खेटून, समोर अनोळखी माणूस बसणार. पण पुरी कढईतून थेट ताटात येते.

दुसरा टप्पा: डी. एन. रोडच्या कमानी

मघाशी पावसाची सोय म्हटलं ती ही. १८९६ च्या नियमाने या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्याशी कमानींखालून जाणारी पायवाट ठेवणं बंधनकारक झालं. प्रत्येक मालकाने इमारत आपापल्या शैलीत बांधली, कुणी गॉथिक, कुणी ग्रीक धाटणीची. पण खालून चालणाऱ्याच्या डोक्यावर मात्र सलग छप्पर आलं. ऊन असो वा जुलैचा पाऊस, व्हीटीपासून हुतात्मा चौकाच्या जवळपास अर्धंअधिक अंतर तुम्ही कोरडे जाता. शहराने पायी चालणाऱ्या माणसाचा इतका विचार केल्याची दुसरी जागा मुंबईत मला सापडत नाही. आज कमानींखाली फेरीवाले आहेत, वाट अरुंद झाली आहे, तरी हा विचार जाणवतो.

चालायची रीत अशी: जाताना कमानीखालून जा, पण दर थोड्या अंतराने समोरच्या फुटपाथवर जाऊन मागे वळून वर पाहा. सगळं देखणेपण पहिल्या मजल्याच्या वर आहे. डाव्या बाजूला वाच्छा अग्यारी लागेल, पंख असलेल्या वृषभांच्या भव्य आकृतींवरून ती ओळखू येते. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसतो. बाहेरून पाहा, दारात गर्दी करू नका. पुढे चौकाच्या अलीकडे खुद्द दादाभाईंचा पुतळा आहे.

जेवायची वेळ झाली असेल तर इथून डावीकडच्या गल्ल्या सोन्याच्या आहेत. कावसजी पटेल स्ट्रीटवर महेश लंच होम आहे, मंगळुरी पद्धतीची मासळी: सुरमई, बांगडा, खेकडा, सोबत नीर डोसा आणि सोलकढी. मालवणी चवीची सवय असलेल्याला ही चव ओळखीची वाटेल, पण नारळ आणि मिरचीचा हिशेब वेगळा आहे. तो फरक जिभेला कळणं हीच गंमत. थोडं लांब, बॅलार्ड इस्टेटला, १९२३ पासूनचं ब्रिटानिया. बेरी पुलाव त्यांचा. ते दुपारचंच असतं, म्हणून तिथे जेवायचं असेल तर अख्खा बेत उलटा करा: आधी ब्रिटानिया, मग व्हीटी. कोपऱ्यावरच्या कुठल्याही इराण्याकडे ब्रुन मस्का आणि चहा घेतलात तरी हरकत नाही. ब्रुन कडक असतो, तो चहात बुडवूनच खायचा.

तिसरा टप्पा: हुतात्मा चौक

इथे थांबायचंच. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, फ्लोरा ही फुलांची रोमन देवता. कोटाचा चर्च गेट होता त्या जागी ते उभं केलं गेलं. चर्चगेट स्टेशनाचं नाव त्या दरवाजाचं. कारंजं सुंदर आहे, अलीकडे त्याची डागडुजीही झाली आहे.

पण तुमचे पाय आधी शेजारच्या स्मारकाकडे वळू देत. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीचा मोर्चा विधिमंडळाकडे निघाला होता, तो इथे अडवला गेला आणि गोळीबार झाला. त्यानंतर आंदोलन पेटत गेलं, आणखी बळी गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मोर्चा ज्या विधिमंडळाकडे निघाला होता ती इमारत याच रस्त्यावर पुढे रीगलच्या चौकात आहे. आज संध्याकाळी तुम्ही ते उरलेलं अंतर चालणार आहात. चालताना मनात हे असू द्या.

चौकाच्या आसपास फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. मराठी पुस्तकं कमी, पण चाळत राहिलं की एखादं हाती लागतं. भाव करायला संकोच नको. सावलीत, खुर्चीवर बसून पुस्तकं पाहायची असतील तर किताबखाना आहे, जुन्या इमारतीत उंच छताखाली मांडलेलं दुकान. तिथे मराठीचा विभागही आहे.

चौथा टप्पा: काळा घोडा

चौकातून पुढे उजवीकडे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर डोकावतो. मग त्याच हाताला एक जीर्ण, लोखंडी सांगाड्याची इमारत येते: एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची चलचित्रं मुंबईत पहिल्यांदा इथे दाखवली गेली. इमारतीची अवस्था वाईट आहे, खालून लांबूनच पाहा.

डेव्हिड ससून लायब्ररी मालाडच्या पिवळसर दगडातली, १८७० ची. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासूनची. गॅलरीत शिरायला पैसे लागत नाहीत आणि कुणी अडवत नाही, हे नव्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. चित्रकलेतलं काही कळत नाही म्हणून बाहेर थांबू नका. चित्रकार बहुतेकदा तिथेच बसलेला असतो, विचारलं तर आनंदाने बोलतो, आणि बरेचदा तो सांगली-कोल्हापूर-नाशिककडचा निघतो. गॅलरी सातला बंद होते, त्या हिशेबाने पोहोचा. शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र या संध्याकाळीत कोंबू नका, त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या.

ज्या घोड्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डच्या पुतळ्याचा होता, तो १९६५ मध्ये इथून काढून पुढे राणीच्या बागेत गेला. आता इथे आहे तो स्वार नसलेला घोडा, २०१७ चा. मागच्या गल्लीत निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८८४ चं, आणि तिथून जवळच मासळीसाठी नावाजलेलं तृष्णा. बटर-गार्लिक खेकडा तिथला प्रसिद्ध, पण बिल चांगलंच येतं. पहिल्या पगाराला किंवा कुणी घेऊन जात असेल तेव्हा. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो. तेव्हा आलात तर इतर टप्पे विसरा, सगळा वेळ इथेच जाईल.

पाचवा टप्पा: रीगलचा चौक आणि गेटवे

रीगल सिनेमा १९३३ चं. आराखडा चार्ल्स स्टीव्हन्सचा, म्हणजे व्हीटी बांधणाऱ्या फ्रेडरिकच्या मुलाचा. रस्त्याच्या एका टोकाला बापाने टोकदार कमानी, घुमट आणि नक्षी रचली, दुसऱ्या टोकाला मुलाने सरळ रेषांचं, गोलसर कोपऱ्यांचं आर्ट डेको. पन्नासएक वर्षांत शहराची आवड कशी बदलली ते दोन किलोमीटरात पायांना कळतं. रीगलसमोरची दगडी इमारत, आज राज्य पोलिसांचं मुख्यालय, तीही फ्रेडरिकचीच, खलाशांच्या वसतिगृहासाठी बांधलेली. मघाशी म्हटलं ते विधिमंडळ इथलं. नरिमन पॉइंटचं विधान भवन होईपर्यंत महाराष्ट्राचे निर्णय या इमारतीत झाले.

इथून गेटवे पाच मिनिटांवर. मावळतीला पोहोचा. आत जाताना सुरक्षा तपासणी असते, मोठी बॅग नसेल तर बरं. जॉर्ज विटेटचा आराखडा, ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून निघून गेली. समोरच्या बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा. महाराजांची नजर समुद्राकडे आहे. गर्दी कमानीकडे असते, पुतळ्यापाशी बसायला जागा मिळते.

‘बाळासाठी दूध पावडर घेऊन द्या, पैसे नकोत’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. ते डबे पुष्कळदा पुन्हा दुकानातच परत जातात. मदत करायचीच असेल तर समोर बसवून खायला घाला.

सहावा टप्पा: रात्रीचा कॉजवे

कॉजवे म्हणजे १८३८ मध्ये कुलाबा बेट मुंबईला जोडणारा बांध. आज तो खरेदीचा आणि रात्रीचा रस्ता आहे. फुटपाथवर चपला, कानातली, गॉगल, कुर्ते. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावरून बोलणी सुरू करा आणि मराठीत करा. विकणाऱ्यांना ती येते आणि भाव लगेच खाली सरकतो.

लिओपोल्ड कॅफे १८७१ चा. २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथे जपून ठेवल्या आहेत. जरूर पाहा, पण गर्दी आणि दर दोन्ही चढे. मला विचाराल तर बसायला कॅफे मोंडेगर, १९३२ चा, रीगलला लागूनच. तिथल्या भिंती गोव्याच्या मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. एका भिंतीवर मुंबईचं जगणं, दुसरीवर कॅफेतलं. मोठ्या डोळ्यांची माणसं, धावणारे वेटर, टेबलावर रेललेले गिऱ्हाईक; एकाही माणसाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. बिअरचा एक मग संपेपर्यंत एक कोपराही पाहून होत नाही. ज्यूकबॉक्स आहे, आवाज मोठा असतो, गप्पा ओरडून माराव्या लागतात. गोव्याचा आणि या भागाच्या रात्रींचा संबंध जुना आहे. १९४० च्या दशकात ताजमध्ये चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोवेकर वादक आपल्या बँडसह जॅझ वाजवत.

पिण्याचा कायदा ठाऊक असू द्या: राज्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची एकवीस वर्षं, इतर दारूसाठी पंचवीस. ओळखपत्र जवळ ठेवा. ड्राय डे आहे का तेही पाहून निघा. पीत नसाल तरी मोंडेगरला कुणी वेगळं वागवत नाही, जेवण आणि थंड काहीतरी मागवा.

खिसा हलका असेल तर लिओपोल्डसमोर ऑलिम्पिया, १९१८ चं. खिमा-पाव तिथला, खरा रंग सकाळी चढतो, पण रात्रीही निराशा होत नाही. ताजच्या मागे टुलक रोडला बगदादीची ताटाएवढी खमिरी रोटी. आणि त्याच रस्त्यावर बडेमियाँ, १९४६ पासून. संध्याकाळी पेटलेली शेगडी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत विझत नाही. सीख कबाब, बैदा रोटी, रुमालीत गुंडाळलेलं भुना. बसायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर प्लेट गाडीच्या बॉनेटवर ठेवून खायची; शेजारी परदेशी पाहुणे, नाइट ड्युटीचा ड्रायव्हर आणि लग्नातून आलेलं कुटुंब. शाकाहारी असाल तर कैलाश परबतला जा, सिंधी पद्धतीची पाणीपुरी आणि रगडा पॅटिस. गोडासाठी खुसरो बागेच्या इमारतीत थिओब्रोमाचं पहिलं दुकान आहे.

घरी परतताना

रात्री कॉजवे आणि रीगलचा चौक जागा असतो, पण डी. एन. रोड आणि फोर्टाच्या गल्ल्या ऑफिसं सुटली की ओस पडतात. एकटीने किंवा एकट्याने परत व्हीटीपर्यंत पायी जाण्यापेक्षा रीगलपासून टॅक्सी करा, भाडं किरकोळ होतं. पश्चिम रेल्वेवर राहत असाल तर चर्चगेट जवळ पडेल, मध्य किंवा हार्बरला व्हीटी. मध्यरात्र उलटली की शेवटच्या गाड्या एकेक करून निघून जातात, मेट्रो त्याआधीच बंद होते. तुमच्या स्टेशनची शेवटची लोकल किती वाजता हे बडेमियाँच्या रांगेत उभं राहण्याआधी पाहा, कारण ऑर्डर हातात यायला शनिवारी अर्धा तास सहज लागतो.